अळूतल्या कुर्ल्या

माझ्या भाचीचं लग्न झालं आणि ती दोघं बोटीनं कॅरिबियन बेटं बघायला निघाली, तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं, "मावशी, त्रिनिदादला आम्ही एकच दिवस आहोत. काय काय खायचं ते सांग." मी आयुष्यात कधी त्रिनिदादला गेलेले नाही. नकाशावर बोट ठेव म्हटलं तर दोनदा चुकेन. तरी मी तिला पाऊण तास सांगत होते. सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून डबल्स खा, दालपुरी खा, समुद्रावर गेलीस तर तळलेल्या पावात घातलेला मोरी मासा खा, आणि रविवार असेल तर कॅललू खा, पण हॉटेलातलं नको, कुणाच्या तरी घरचं. "कुणाच्या घरी जाऊ मावशी? मी तिथे कुणाला ओळखते?" असं ती म्हणाली. माझं त्रिनिदाद दुबईत, करामा भागातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर होतं, आमच्या दाराला दार लागून, आणि तिथे जायला चपलासुद्धा घालाव्या लागत नसत.

आमचं घर म्हणजे एक बेडरूम, एक हॉल आणि एक माणूस वळेल एवढं स्वयंपाकघर. बाबा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आई अलिबागकडची, मराठी शाळेत शिकलेली, हाताला चव असलेली आणि इंग्रजीला घाबरणारी. दिवसभर खिडकीतला एसी घरघरत असायचा, इतका की तो बंद झाला की आम्ही दचकायचो. खाली गॅस सिलिंडरवाल्याची गाडी, मशिदीतली अजान, मल्याळी भाजीवाल्याचं "यल्ला, यल्ला" आणि पार्किंगवरून होणारी भांडणं, असे आवाज होते. आईचं हिंदी खालच्या दुकानापुरतं चालायचं. बाकी सगळ्या जगाशी ती माझ्यामार्फत बोलायची. बँकेतून फोन आला की मी, डॉक्टरकडे गेलं की मी, लिफ्टमधल्या फिलिपिनो मुलीनं साडी छान आहे म्हटलं तरी मी. मी नववीत होते आणि घरातली बिनपगारी दुभाषी होते.

इंद्रा आंटी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती लाटणं मागायला. दुपारची वेळ, बेल वाजली, आईनं दार उघडलं. समोर चाळिशीची एक बाई उभी, सावळी, लांब शेपटा, नाकात चमकी. आईनं बघताक्षणीच ठरवलं की ही आपल्याकडची, आणि मराठीत बोलायला सुरुवात केली. बाई नुसती हसली. मग आईनं हिंदी लावलं. तरी बाई नुसती हसली. शेवटी बाईनं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लाटलं आणि म्हणाली, "बेलना?" आईनं लाटणं दिलं. दुसऱ्या दिवशी ते लाटणं परत आलं, सोबत रुमालात गुंडाळलेल्या चार मऊ लुसलुशीत पोळ्या. आत हरभऱ्याच्या डाळीचं पिवळंधमक पुरण, जिरं आणि हळद घातलेलं. आईनं घास घेतला आणि मला म्हणाली, "बिचारी गूळ घालायला विसरली गं." समोर इंद्रा आंटी वाट बघत उभी. मी इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, फार छान झालंय."

आंटीचं इंग्रजी आमच्या शाळेतल्या इंग्रजीसारखं नव्हतं. ते गाण्यासारखं वरखाली जायचं आणि शेवटचे शब्द गिळून टाकायचं. आठवडाभरानं मला थोडं थोडं कळायला लागलं. ती त्रिनिदाद नावाच्या बेटावरची. नवरा अबुधाबीच्या समुद्रात तेलाच्या विहिरीवर, चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी. तिच्या पणजोबांचे वडील उसाच्या मळ्यात काम करायला बोटीनं हिंदुस्थानातून त्या बेटावर गेले होते. कुठल्या गावाहून, ते कुणाला माहीत नाही. भाषा मधल्या मधे गळून गेली होती, पण स्वयंपाकघरातली भांडी मात्र जुनी नावं धरून बसली होती. तवा, बेलना, कलछुल. एकदा ती सहज म्हणाली, "माय आजी यूज्ड टू मेक धिस." आईनं हातातली सुरी खाली ठेवली. "मंजू, ही आत्ता 'आजी' म्हणाली ना? मी सांगत नव्हते आपल्यातली आहे!" आता मला कळतं की तो शब्द तिच्याकडे उत्तरेतून गेला असणार. पण त्या दिवशी आईच्या लेखी इंद्रा आंटीचं मूळ गाव रेवदंड्याच्या पलीकडे कुठेतरी असल्याचं सिद्ध झालं. आंटी आईला 'दीदी' म्हणू लागली. तोही तिच्याकडचाच शब्द होता.

मग शुक्रवारी सकाळी आमच्याकडे नाश्ता होईनासा झाला. तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, आणि शुक्रवारी सकाळी आंटी डबल्स करायची. हळद घातलेल्या मैद्याच्या, भरपूर तेलात तळलेल्या दोन मऊ, चिमुकल्या पुऱ्या (त्यांना ती 'बारा' म्हणायची), त्यांच्यामध्ये रसरशीत छोले, वर चिंचेची चटणी आणि काकडीचा कीस. ते कागदात बांधून पिळायचे आणि उभ्या उभ्या खायचे. बसून खाल्लं तर चव जाते, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे बाबा लुंगीवर, हातात कागदाची पुडी घेऊन कॉरिडॉरमध्ये उभे राहून खायचे. एका सकाळी भिंतीपलीकडून टपाटप, टपाटप आवाज यायला लागला. बाबा म्हणाले, "शेजारी काय मारामारी चाललीय?" मी धावत गेले. आंटी तव्यावरच्या भल्यामोठ्या पराठ्याला दोन लाकडी उलथन्यांनी बडवत होती. पराठ्याच्या चिंध्या चिंध्या झाल्या होत्या. तिकडे त्याला फाटक्या शर्टाचं नाव आहे. त्या चिंध्या बटाट्याच्या रश्शात बुडवून खाताना मी पाच जणांचं एकटीनं खाल्लं असेल.

आई आधी लांबून बघायची, मग दारात उभी राहून, मग ओट्याशी. काही ठिकाणी माझी गरजच पडायची नाही. वांग्याला चिरा देऊन त्यात लसणाच्या पाकळ्या खोचून आंटीनं ते गॅसवर धरलं, तेव्हा आई नुसती 'भरीत' म्हणाली, आंटी 'चोखा' म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून शाळकरी मुलींसारख्या हसल्या. पण पेलाव करायचा होता त्या दिवशी गडबड झाली. पेलाव म्हणजे कोंबडी, तुरीचे दाणे आणि नारळाचं दूध घालून केलेला भात. त्याला आधी तेलात साखर काळपट होईपर्यंत जाळावी लागते. आंटी फोडणीला लागली आणि धूर दिसताच आईनं "अगं बाई, जळली!" म्हणत झडप घालून गॅस बंद केला. आंटीनं पुन्हा लावला. आईनं पुन्हा बंद केला. मी दोघींच्या मधे उभी राहून मराठीत आणि इंग्रजीत एकदम ओरडत होते. शेवटी आईनं डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाली, "कर बाई, जाळ. मी बघतच नाही." भात मात्र आईनं दोनदा वाढून घेतला.

आणि कॅललू. मल्याळ्याकडून आणलेली अळूची पानं बघून आई खूश झाली. "अळूचं फदफदं करतेय!" तिथवर सगळं ओळखीचं होतं, पण भेंडी पडली, भोपळा पडला, नारळाचं दूध पडलं, आणि मग आंटीनं देऱ्याच्या मासळीबाजारातून आणलेल्या दोन जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, साफ करून त्या हिरव्या पातेल्यात सोडल्या. वरून बाल्कनीतल्या कुंडीतली एक लाल गुबगुबीत मिरची, देठासकट, नुसती पोहायला. ती फुटता कामा नये. फुटली तर खलास, कुणाला घास गिळता यायचा नाही. आई पुटपुटली, "अळूत कुर्ल्या? देवा." जेवताना मात्र कुर्लीची नांगी चोखून झाल्यावर तिनं बोटं चाटली, आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर पदराला पुसली.

एका दुपारी आई झोपली असताना आंटी मला म्हणाली की इथे आल्यापासून तिला एक गंमत वाटते. त्रिनिदादमध्ये सगळे तिला इंडियन म्हणतात. इथे आयुष्यात पहिल्यांदा ती हजारो इंडियन लोकांत राहते आहे, बाजारात सगळे तोंडवळे तिच्या काकांसारखे, मावशांसारखे. ती सोन्याच्या दुकानात जाते, दुकानदार हिंदीत बोलतो, तिला येत नाही, मग तो विचारतो, "यू फ्रॉम वेअर?" त्रिनिदाद म्हटलं की तो म्हणतो, "अच्छा, नॉट इंडियन." हे सांगताना ती हसत होती. मीही हसले. चौदाव्या वर्षी माणूस समोरच्याचं हसू बघतो आणि तेवढ्यावर भागवतो.

त्या हिवाळ्यात मराठी मंडळाचा आनंदमेळा ठरला. एका शाळेच्या पटांगणात खाण्याचे स्टॉल, खेळ, गाणी. आईला पहिल्यांदाच स्टॉल मिळाला. ही गोष्ट केवढी मोठी होती ते आज मला कळतं. मंडळातल्या बायका मुंबई-पुण्याच्या, मॅनेजर आणि इंजिनियर लोकांच्या घरच्या, फटाफट इंग्रजी बोलणाऱ्या. आई त्यांच्यात गेली की साडीच्या निऱ्या चाचपत कोपऱ्यात बसायची. आता त्याच बायका तिच्या हातची चव मानत होत्या. इंद्रा आंटीला कळलं तेव्हा तिला आईपेक्षा जास्त आनंद झाला. तिनं मला विचारलं, "दीदीला विचार, मी काहीतरी करू का? डबल्स? कॅललू?" आई म्हणाली, "बघू." मी ते "येस, येस" असं सांगितलं. मी नेहमीच थोडी साखर घालून सांगायचे.

मेळ्याच्या आधी आमच्या घरी बैठक झाली. मोघेकाकू, म्हणजे मंडळाच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या काकू, आणि आणखी चौघी. त्या सकाळी माझं आईशी कडाक्याचं भांडण झालं होतं. वर्गातल्या मुली बर्फावर स्केटिंग करायला चालल्या होत्या आणि आईनं "काही गरज नाही, पाहुण्या यायच्यात" म्हणून मला ठेवून घेतलं होतं. मी गाल फुगवून चहाचे कप फिरवत होते. तेवढ्यात आंटी आली, नवीन ड्रेस घालून, फुलौरीची थाळी आणि कैरीची चटणी घेऊन. बायकांनी खाल्लं. "ही काय भजी? मऊ आहेत हं," एक जण म्हणाली. मोघेकाकूंनी आंटीकडे बघत आईला मराठीत विचारलं, "ह्या कोण? ह्यांचंही ठेवणार की काय तुम्ही स्टॉलवर? नाही, मराठी मंडळ आहे आपलं, म्हणून विचारलं."

आई हसली. ते तिचं नेहमीचं हसू नव्हतं. "छे हो, त्यांचं कुठलं ठेवते! त्यांचं सगळंच उफराटं. पुरणात गूळ नाही, साखर जाळून भात करतात, अन् अळूत चक्क कुर्ल्या! नावं आपली घ्यायची आणि सगळं बाटवून ठेवायचं." बायका खो खो हसल्या. मोघेकाकूंनी आईच्या हातावर टाळी दिली. सगळे हसतायत म्हणून आंटीही हसली, माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "काय म्हणाली दीदी?"

मी साखर घालू शकले असते. घालायचीच नेहमी. पण मी आईकडे बघितलं, तिचा आनंदानं लाल झालेला चेहरा बघितला, आणि एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. कुर्ल्या, गूळ, साखर. 'बाटवणं' याला मला शब्द सुचेना. मी म्हणाले, "शी सेज, यू पीपल स्पॉइल्ड इट." आंटीच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिनं चटणीची वाटी टेबलावर ठेवली. "टेल युअर मॅमी, आय लेफ्ट मिल्क ऑन द स्टोव्ह," असं म्हणाली आणि गेली. मी आईला सांगितलं, "तिनं गॅसवर दूध ठेवलंय." आई म्हणाली, "बरं बरं," आणि मोघेकाकूंना आणखी चहा ओतला.

नंतरचे नऊ-दहा दिवस भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. तवा नाही, टपाटप नाही, तिची कॅसेटवरची गाणी नाहीत. शुक्रवारी बाबा कॉरिडॉरमध्ये डोकावून आत आले आणि गुपचूप पोहे खाल्ले. आईनं माझ्याबरोबर खिरीची वाटी पाठवली. संध्याकाळी ती वाटी घासूनपुसून आमच्या दाराशी ठेवलेली मिळाली. आई ती उलटसुलट करून बघत राहिली. "रिकामी? इंद्रानं रिकामी वाटी पाठवली?" मग स्वतःशीच म्हणाली, "बरं नसेल तिला. एकटी असते. पेज करून नेते." आणि ती तांदूळ निवडायला बसली.

ते तांदूळ मला बघवेनात. मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आईचा हात थांबला.

"सगळं सांगितलंस? ते बाटवलं म्हटलेलंसुद्धा?"

"हो."

"का?"

"तू मला स्केटिंगला नाही सोडलंस."

हे ऐकायला इतकं फालतू वाटलं की मला रडू आलं. मी थोबाडीत बसेल म्हणून डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. उघडून बघितलं तर आई ताटातल्या तांदळात बोटानं रेघा ओढत होती. "म्हणजे तुला मला तोंडघशी पाडायचं होतं."

"हो."

"मग पडले." ती उठली. "पण बोलले ते मीच. तू काही पदरचं घातलं नाहीस."

तिनं तोंड धुतलं, साडी बदलली. मी तिच्यामागे निघाले तर म्हणाली, "तू नाही यायचं." मी म्हटलं, अगं पण बोलणार कशी? ती दारात थांबली. "सॉरी मला येतं. पण मी त्या बायकांपुढे मोठेपणा मिरवायला बोलले, याला काय म्हणतात?" मी सांगितलं, "शोइंग ऑफ." आई कॉरिडॉरमधून "शोइंग ऑफ, शोइंग ऑफ" असं घोकत गेली. आंटीचं दार आमच्यापासून सहा पावलांवर होतं, पण ती चालायला तिला बराच वेळ लागला. मी दाराच्या फटीतून बघत होते. बेल वाजली, दार उघडलं. आई म्हणाली, "इंद्रा, सॉरी. आय... आय शोइंग ऑफ." ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात खाली सोडून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. मग आंटीचा हात बाहेर आला, आईच्या मनगटाला धरून तिला आत घेतलं आणि दार बंद झालं.

दीड तास ती आत होती. मी भिंतीला कान लावला, पण एसीच्या घरघरीपलीकडे काही ऐकू आलं नाही. आई परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "काय बोललात?" मी विचारलं. "काही नाही. चहा प्यायलो." पुढे मी कितीदा तरी विचारलं, अगदी आई थकली, आठवणी सांगायच्या वयाला आली तेव्हाही विचारलं. तिनं कधीच सांगितलं नाही. माझ्याशिवाय त्या दोघी काय बोलल्या आणि कुठल्या भाषेत, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर त्यांनी मला मधे बोलायला फारसं बोलावलं नाही. आईचं इंग्रजी वाढलं, पण ते चक्क त्रिनिदादी हेल काढत वाढलं, आणि बाबांना तिच्या "ओ गॉड, मॅन"ची सवय करून घ्यावी लागली.

त्या रात्री आईनं मोघेकाकूंना फोन केला. मी मुद्दाम तिथेच घुटमळत होते. "नाही काकू, इंद्रा माझ्याबरोबर असेल. हो, कुर्ल्यांचं पण आहे." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. आईनं साडीच्या निऱ्या चाचपल्या आणि म्हणाली, "मग माझाही स्टॉल नको असेल तर तसं सांगा." काकूंनी नाही म्हटलं नाही. मात्र मेळ्यात त्या आमच्या स्टॉलवरून तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा त्यांना समोरच्या बाजूला काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मेळ्याच्या दिवशी पहाटेपासून अळू चिरून माझ्या बोटांना खाज सुटली होती. एका पातेल्यात आईच्या पुरणपोळ्या, शेजारी दालपुऱ्या, आणि मधे कॅललूचा भलामोठा टोप. पहिला तासभर कॅललूकडे कुणी फिरकलं नाही. बायका वाकून बघायच्या, हिरव्यातून वर आलेली नांगी दिसली की मुलांना ओढून पुढे न्यायच्या. आंटी पदार्थांवरची झाकणं पुन्हा पुन्हा सारखी करत होती. आई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

मग कोकणातल्या माणसांचा एक घोळका आला. साइटवर काम करणारी, कुटुंबं गावाकडे ठेवून आलेली, आज सुट्टी म्हणून इस्त्रीचे शर्ट घातलेली. त्यातल्या एका पिकल्या मिशांच्या माणसानं टोपात डोकावून वास घेतला आणि म्हणाला, "वाढा." त्यानं कुर्ली फोडली, चोखली, द्रोण तोंडाला लावून रिकामा केला आणि मागे वळून बाकीच्यांना हाक मारली, "अरे या रे, इकडे या." बघता बघता स्टॉलपुढे गर्दी झाली. आंटी वाढत होती, आई द्रोण पुढे करत होती, मी पाणी देत होते. तो माणूस तिसरा द्रोण घेऊन आईजवळ आला.

"ताई, एवढं कोकण फिरलो, पण असलं अळू नाही खाल्लं. कुठल्या गावचं हे?"

आईनं एकदा इंद्रा आंटीकडे बघितलं. आंटीला प्रश्न कळला नव्हता. ती घामाघूम होऊन पळीनं तळ खरवडत होती.

"आमच्या इंद्राच्या गावचं," आई म्हणाली.

"कुठे येतं ते?"

"लांब आहे. आधी खाऊन घ्या, मग सांगते."